व्हॅनमध्ये राहून विदर्भ फिरताना: रात्रीचा मुक्काम आणि रोजचा प्रवास

शहरात व्हॅनमध्ये झोपणारे लपून राहतात. काळे पडदे, दिवे बंद, कुणाला पत्ता लागू नये अशी गाडी. विदर्भातल्या खेड्यात हे अंगलट येतं. गावाच्या कडेला अंधारात उभी असलेली अनोळखी बंद गाडी दिसली की शेळीचोर, मोटारपंपचोर, नाहीतर पोरं पळवणारी टोळी असा संशय लगेच येतो. एकदा का दहा माणसं बॅटऱ्या घेऊन गाडीभोवती जमली की मग समजावून सांगणं अवघड. तेच उजेड असताना गावात जाऊन चार जणांना तोंड दाखवलं, कुठून आलो, किती जण आहोत, सकाळी कधी निघणार हे सांगितलं, तर तेच गाव तुमची राखण करतं. म्हणून पहिला नियम: विचारल्याशिवाय मुक्काम नाही, आणि अंधार पडल्यावर जागा शोधणं नाही.

सूर्यास्ताच्या निदान एक तास आधी मुक्कामी पोहोचा. नागपूरकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मेमध्ये पावणेसातला. गोंदियाकडे चार मिनिटं आधी, बुलडाण्याकडे दहा-बारा मिनिटं उशिरा. दिवसाला १२० ते १५० किलोमीटर पुरे. त्याहून जास्त ठरवलं की पोहोचायला उशीर होतो आणि मग मिळेल त्या जागी गाडी लावावी लागते.

कुणाला विचारायचं

गावात पहिल्यांदा पोलीस पाटलाचं घर विचारा. कोण आलं, कोण गेलं याची खबर ठाण्याला देणं हे त्यांचं कामच असतं, त्यामुळे त्यांना माहीत असलं की रात्री पोलिसांची गाडी आली तरी प्रश्न मिटतो. ते नसतील तर सरपंच, तेही नसतील तर बसथांब्याजवळचं चहाचं हॉटेल. चहा घ्या, बसा, मग विषय काढा. "भाऊ, राती इथं गाडी लावली तं चालन का? आम्ही दोघं आहो, सकाळी सहाले निघतो." वऱ्हाडी येत नसेल तर आपल्या मराठीत बोला, पण या तीन गोष्टी पहिल्याच वाक्यात यायला हव्यात: कुठे, किती जण, किती वाजता जाणार. नाव आणि मोबाइल नंबर स्वतःहून द्या, आधार कार्डाची एक झेरॉक्स जवळ ठेवा. कुणी मागण्याआधी दाखवलं की चौकशी तिथेच थांबते.

बाईमाणूस एकटी किंवा दोघी मैत्रिणी असतील तर मैदान, शाळा असल्या मोकळ्या जागा टाळून एखाद्या नांदत्या घराच्या अंगणात जागा मागा. मागताना घरातल्या काकूंशी, आजीशी बोला. त्या हो म्हणाल्या की नळ, मोरी, संडास हे प्रश्नही सुटतात. निघताना पैसे घ्यायला बहुतेक घरं नकार देतात, म्हणून गाडीत चहापत्ती, साखर, पोरांसाठी वह्या-पेन ठेवलेलं बरं.

जागा कोणती

पेट्रोल पंप सगळ्यात सोपा. डिझेल भरा, पाइप हातात असलेल्या पोराला न विचारता मॅनेजरला विचारा, कारण पोराची पाळी बदलते आणि मध्यरात्री दुसरा येऊन उठवतो. टँकर जिथे रिकामा करतात ती झाकणं बघून घ्या आणि त्यांच्यापासून लांब, कुंपणाच्या कडेला लावा. पंपाच्या आवारात गॅस पेटवायचा नाही, चहासाठीसुद्धा नाही. तालुक्याबाहेरचे बरेच पंप रात्री बंद होतात आणि दिवेही जातात, ते आधी विचारा.

ट्रकवाल्यांचा ढाबा दुसरा. अमरावती-अकोला-मलकापूर महामार्ग (५३), नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा (४४) या रस्त्यांवर भरपूर आहेत. जेवलात तर वेगळे पैसे सहसा कोणी मागत नाही. ट्रकच्या रांगेत मात्र घुसू नका. ट्रक पहाटे चारला हलायला लागतात, आणि मागे घेताना ड्रायव्हरला ट्रकच्या मागे उभी बुटकी व्हॅन दिसत नाही. इमारतीच्या बाजूला, तोंड रस्त्याकडे करून लावा.

देवस्थानं आणि आश्रम ही विदर्भाची खरी सोय. शेगाव, रामटेक, कारंजा, मोझरीचं गुरुकुंज, चपराळा, मार्कंडा अशा ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्याची सवय असते. कार्यालयात नोंद करा, ठरवून दिलेल्या वाहनतळावरच लावा, आवारात मांस-दारू नको. यात्रेच्या दिवसांत मात्र तिकडे फिरकू नका: शेगावला प्रकट दिन आणि रामनवमी, मार्कंड्याला महाशिवरात्र. त्या दिवसांत गाडी आत गेली तर दोन दिवस बाहेर निघत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान चांगलं असतं, पण मुख्याध्यापकांना विचारून आणि परिपाठाच्या आत रिकामं करून. गावातल्या मोकळ्या मैदानाचा एक धोका नवख्याला कळत नाही: आठवडी बाजार. उद्या इथला बाजार आहे का, हे विचारायचंच. बाजार असेल तर पहाटेपासून भाजीवाले, मसालेवाले, कापडवाले आपापल्या ठरलेल्या जागी पाल ठोकायला येतात, आणि तुमची गाडी कुणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या जागेवर उभी असते. बाजार समितीचं आवारही हंगामात टाळा. ऑक्टोबरपासून सोयाबीन, मग कापूस. रात्रभर ट्रॅक्टर, मेटाडोर येत राहतात. धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. तिथे राहावंच लागलं तर सकाळी सेल मारण्याआधी बॉनेट उघडून एकदा बघा.

शेतातला मुक्काम सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात जास्त काळजी मागणारा. शेतमालकाची परवानगी हवी, गड्याची पुरत नाही. गाडी पांदण रस्त्यात कधीही लावू नका, रात्रीपुरतीही नाही. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, बऱ्याच आठवड्यांत ती रात्रीची असते, आणि शेतकरी रात्री बाराला मोटार सुरू करायला त्याच वाटेने जातो. ट्रॉलीसह ट्रॅक्टर जायला निदान दहा फूट मोकळी वाट लागते.

रात्री दोनला शेताच्या दुसऱ्या टोकाला बॅटरी हलताना दिसेल, हाळी ऐकू येईल, पत्र्याचा डबा बडवल्याचा किंवा फटाक्याचा आवाज येईल. ती जागल आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) हाकलायला माणसं मचाणावर किंवा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रात्र काढतात. घाबरून गाडी सुरू करू नका आणि त्यांच्या डोळ्यांवर झोत टाकू नका. आवाज देऊन "मुक्कामाला आहो, पाटलांना सांगितलं आहे" एवढं बोला. आणि धुऱ्यावरची तार हा इथला मोठा धोका. सौर झटका मशीनच्या तारेचा झटका जोरदार असतो, पण तुटक असल्याने सहसा जीव घेत नाही. काही ठिकाणी मात्र थेट लाइनचा आकडा टाकून तारेत करंट सोडलेला असतो, आणि त्याने दरवर्षी माणसं मरतात. अंधारात दोन्ही तारा सारख्याच दिसतात. रात्री कुंपण ओलांडून विधीला जाणं म्हणूनच पूर्ण बंद.

समृद्धी महामार्गावर कडेला थांबून झोपणं बेकायदा आहे आणि जीवघेणंही. नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. त्यावर हलक्या गाड्यांना १२० ची वेगमर्यादा आहे आणि कडेच्या गाडीला मागून येणारा धडकतो. झोप आली तर कारंजा, शेलूबाजार, मेहकर, सिंदखेडराजा असा जो इंटरचेंज पुढे येईल तिथे उतरा आणि गावात थांबा. सामानाने भरलेली व्हॅन ८० च्या पुढे नेऊ नका. मे महिन्यात काँक्रीट तापलेलं, टायर जुने आणि वेग जास्त, हे तिन्ही एकत्र आलं की टायर फुटतो. हवा सकाळी गाडी थंड असताना दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. दुपारी तापल्यावर दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो, तो वाढणारच; तेव्हा हवा काढली तर रात्री टायर कमी हवेवर येतो आणि दुसऱ्या दिवशी जास्तच तापतो.

माती बघून गाडी लावा

वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि एका सरीत लोण्यासारखी होते. रात्री तासभर पाऊस झाला की सकाळी व्हॅन जागची हलत नाही. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि मार्च-एप्रिलच्या अवकाळीतही, चारही चाकं मुरमावर, गिट्टीवर किंवा काँक्रीटवर हवीत. लावण्याआधी खाली उतरून पाच-सहा पावलं चाला. टाच रुतली किंवा चपलेला माती चिकटून आली तर तिथे लावू नका. जमिनीला भेगा दिसत असतील तर ती भारी काळी माती, वरून कितीही कडक असो.

फसलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक फिरलं की खड्डा खोल होतो आणि मधला भाग जमिनीला टेकतो. वाळूत टायरमधली हवा कमी केल्याने फायदा होतो, काळ्या मातीत जवळजवळ नाही, कारण माती टायरच्या खाचांत बसून तो गुळगुळीत करते. खाचा काडीने साफ करा, चाकासमोरची माती फावड्याने उतार देऊन काढा, आणि चाकाखाली पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कापसाची किंवा तुरीची वाळलेली झाडं) आडव्या टाका, वर मुरूम. दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. मारुती ईको आणि फोर्स ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालतात, टाटा विंगर पुढच्या. पऱ्हाट्या कोणत्या चाकाखाली टाकायच्या ते त्यावर ठरतं. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा. ओढायला साखळीऐवजी पट्टा वापरा, तो गाडीच्या टो-हुकलाच लावा, बंपरला किंवा ॲक्सलला नाही, आणि ओढताना पट्ट्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

वाळलेल्या गवतावर किंवा सोयाबीनच्या कुटारावर (मळणीनंतरच्या भुशावर) गाडी लावणं हा उन्हाळ्या-हिवाळ्यातला दुसरा धोका. पन्नास-साठ किलोमीटर चालून आलेल्या गाडीचा सायलेन्सर आणि त्याच्या अलीकडचा कन्व्हर्टर गवत पेटवण्याइतका तापलेला असतो. आधी फावड्याने खालचं गवत साफ करा. दोन किलोचं पावडरचं अग्निशामक सरकत्या दाराजवळ हवं, सीटखाली पुरून ठेवलेलं कामाचं नाही.

झाड आणि दिशा

सावलीला कडुनिंब, चिंच, आंबा उत्तम. बाभळीखाली काटे टायरमध्ये जातात. मोहाखाली मार्च-एप्रिलमध्ये लावू नका: पहाटे फुलं वेचायला गावकरी येतात, जंगलालगत अस्वलही येतं. मे-जूनमध्ये संध्याकाळी वावटळ, गारा आणि विजा येतात, तेव्हा जुन्या झाडाची फांदी छतावर पडते. आभाळ आलं की झाडाखालून गाडी काढून मोकळ्यावर लावा, पण माळावरच्या एकट्या झाडाजवळ नाही. वीज चमकत असताना काचा बंद करून गाडीतच बसा, पत्र्याला हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं, ते मोबाइलमध्ये ठेवा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या परिसरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. भिंतीची सावली उरत नाही, सगळा मारा छतावर. त्यामुळे खिडक्यांच्या पडद्यांवर खर्च करण्याआधी छत बघा: बाहेरून पांढरा रंग, आतून २० मिलिमीटरचं फोम, छताच्या पत्र्याला चिकटवून. दुपारनंतर पुढची मोठी काच पूर्वेकडे आणि सरकतं दारही सावलीच्या बाजूला राहील अशी गाडी वळवा.

चंद्रपूर, अकोला, वर्ध्याकडे पारा ४५-४६ ला गेला की दुपारी बारा ते पाच व्हॅनमध्ये राहणं शक्य नाही, कितीही फोम लावा. आमराई, मंदिराचा सभामंडप, वाचनालय, तालुक्याचा एखादा थंड हॉल, इथे वेळ काढा. लहान मूल किंवा जनावर बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. कोरड्या हवेत कूलर छान चालतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीला वाळ्याची छोटी ताटी लावून ती ओली ठेवा आणि आतून पंखा सोडा. जूनमध्ये हवा दमट झाली की हा उपाय संपतो, नुसता पंखाच ठेवा.

इंजिन आणि एसी चालू ठेवून उभ्या गाडीत झोपायचं नाही. सायलेन्सरचा वायू आत शिरला तर झोपेतच माणूस जातो, जाग येत नाही. हिवाळ्यात पारा ८-१० वर येतो तेव्हा शेगडी आत घेण्याचा मोह होतो. तोही त्याच कारणाने जीवघेणा. दोन समोरासमोरच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. अंगावर दुलई वाढवा. खिडक्या बंद ठेवल्या तर श्वासाची वाफ पत्र्यावर जमून पहाटे गादीवर टपकते.

वीज

स्वयंपाक गॅसवर धरला तर दोन माणसांचा रोजचा हिशेब असा. २५ वॅटचा बीएलडीसी पंखा दहा तास म्हणजे २५० वॅट-तास, दिवे ४०, दोन मोबाइल ३०, लॅपटॉप तीन तास १८०. एकूण ५००. १०० अँपिअर-तासाच्या १२.८ व्होल्ट लिथियम फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॅट-तास असतात. त्यातले हजार वापरायचे, म्हणजे ऊन नसलं तरी दोन रात्री निघतात. लहान कॉम्प्रेसर फ्रिज घेतलात तर मेमध्ये तो एकटाच रोज ५०० च्या वर खातो. आमच्या मते या भागात फ्रिजपेक्षा रोजची ताजी भाजी आणि माठ बरा.

२०० वॅटचा पॅनल उन्हाळ्यात दिवसाला ७०० च्या आसपास देतो, भर पावसाळ्यात त्याच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. पॅनल तापला की उत्पादन घटतं, म्हणून पॅनल आणि छत यांच्यात दोन इंच फट ठेवा. अडचण अशी की पॅनलला ऊन हवं आणि तुम्हाला सावली. छतावर एक आणि सुटा एक असे दोन शंभरचे घ्या. सुट्याला सहा मीटर वायर, ६ चौरस मिलिमीटरची. वणी-घुग्घुसकडे कोळशाची धूळ बसते, तिकडे रोज सकाळी पुसा.

बॅटरीची जागा हा इथला खास मुद्दा. बऱ्याच लिथियम फॉस्फेट बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्जिंग घेत नाहीत, आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, ते बंद करतं. मेच्या दुपारी बंद व्हॅनमध्ये तापमान सहज ५० च्या पुढे जातं, आणि मग लख्ख ऊन असूनही चार्जिंग बंद का, हे कळत नाही. बॅटरी इंजिनपासून लांब, फरशीलगत, सावलीच्या बाजूला ठेवा आणि पेटीला हवा जायला जाळी द्या. गाडीची मूळ बॅटरी घरगुती वापराला जोडू नका, सकाळी सेल लागणार नाही. मध्ये २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घ्या. दोन तास गाडी चालली की एका दिवसाची वीज परत येते. बॅटरीच्या धन टोकापासून अर्ध्या फुटात फ्यूज हवाच.

पाणी

दोन माणसांना उन्हाळ्यात प्यायला १० लिटर, स्वयंपाक-भांड्यांना १५, हातपाय-आंघोळीला १५ धरा. ४० लिटरची टाकी आणि वीस-वीसचे दोन कॅन असले की दोन दिवस जमतात. वजन ८० किलो होतं, ते खाली आणि दोन ॲक्सलच्या मध्ये ठेवा.

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांच्या मधल्या पट्ट्यात, खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरचं पाणी खारट असतं. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत फ्लोराइड जास्त, आणि त्याची चव लागत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण मीठ किंवा फ्लोराइड जात नाही. पाणी आटल्याने उलट ते वाढतं. क्लोरीनच्या गोळ्यांनीही फक्त जंतू मरतात. पिण्याचं पाणी आरओ प्लांटवरून किंवा गावाच्या नळयोजनेचं भरा, बोअरचं फक्त धुण्याला. हातपंपावर लाल रंग मारलेला असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

एप्रिल ते जून अनेक गावं टँकरवर असतात. तिथे गाडी धुणं सोडाच, टाकी भरायलाही मागू नका. पाणी तालुक्याच्या गावाहून भरून आणा.

शौचासाठी झाकणाची वीस लिटरची बादली, आत जाड पिशवी, आणि प्रत्येक वेळी वर दोन मुठी धानाचं तूस किंवा भुसा. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलवर तूस पोतंभर मिळतं. लघवी वेगळ्या डब्यात घेतली की वास जवळजवळ येत नाही. पिशवी रिकामी करायची ती सार्वजनिक शौचालयातच, रखवालदाराला सांगून; नाल्यात, विहिरीजवळ किंवा कुणाच्या वावरात नाही. खरकटं पाणीही डब्यात साठवा, पाटाच्या कडेला सोडू नका.

पावसाळा: रपटे आणि धरणं

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबा. फूटभर वाहतं पाणी हलकी गाडी उचलतं, दोन फूट मोठीही नेतं. वाहणारं पाणी गढूळ असतं, खालचा रस्ता तुटलेला दिसत नाही. पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवा आणि अर्धा तास बघा. दगड कोरडा पडत गेला तर पाणी उतरतंय. तो बुडाला तर मागच्या गावात मुक्काम करा. डोंगराळ नाले पाऊस थांबला की काही तासांत उतरतात. दुचाकीवाला गेला म्हणून आपण जायचं नाही, तो रपट्याची प्रत्येक इंच जागा ओळखतो.

नदीच्या पात्रात किंवा वाळवंटात गाडी लावू नका, आभाळ स्वच्छ असलं तरी. गोसेखुर्दचे दरवाजे उघडले की खाली वैनगंगा चढते, अप्पर वर्ध्याच्या खाली वर्धा. भामरागडला पर्लकोटेच्या पुराने रस्ता तुटतो आणि गाव काही दिवस अलग पडतं. जुलै ते सप्टेंबर तिकडे व्हॅन नेऊच नका.

पाण्यातून गाडी गेली असेल त्या रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या ड्रमचे लायनर ओले असले की रात्रीतून चिकटतात आणि सकाळी चाक फिरत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना विटा लावा.

जंगलाचे रस्ते

ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, बोर या व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम हा गुन्हा आहे, आणि बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, रस्त्याकडेला थांबणं वेडेपणा. बफरच्या गावात राहायचं तर होमस्टेच्या किंवा रिसॉर्टच्या कुंपणात पैसे देऊन गाडी लावा. मेळघाटात सेमाडोहला वनखात्याचं पर्यटन संकुल आहे, आधी बुकिंग करून तिथे थांबता येतं. परतवाड्याला टाकी भरून निघा, पुढे घाटात मोबाइल लागत नाही. काही रस्त्यांवर रात्री नाके बंद होतात. नाक्यावर वेळ विचारूनच पुढे जा.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चिमूर या बाजूला वाघ गावाच्या वेशीपर्यंत येतात. रात्री आणि पहाटे गाडीबाहेर पाय ठेवू नका, बादली आतच. मटणाची हाडं, खरकटं बाहेर टाकू नका, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट. रात्री गाडी चालवावीच लागली तर ४० च्या आत. रोही सहसा एकटा नसतो. एक ओलांडला की मागून दोन-तीन येतात, तेव्हा थांबा आणि वाट बघा. हंगामात न दिवा न रिफ्लेक्टर अशा बैलगाड्या आणि कापसाने दोन्ही बाजूंना फुगलेल्या ट्रॉल्या असतात, आणि रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन किंवा धान झाकलेलं असतं, त्याच्या कडेला दगड. अंधारात तो दगड दिसत नाही.

विषारी साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यार रात्री फिरतो आणि झोपलेल्याला चावतो, दंश फारसा दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होतं. दाराला जाळी, चपला आत, उतरताना आधी बॅटरी. दंश झाला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. पाय किंवा हात फळीला बांधून स्थिर करा, १०८ लावा, गाडी चालू असेल तर स्वतःच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या आणि निघतानाच फोन करून लस आहे का विचारा. डास हा त्याहून रोजचा शत्रू. गडचिरोलीत हिवताप नेहमीचा आहे, तिकडे ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. पावसाळ्यानंतर उंच गवतात चटई टाकून बसू नका, स्क्रब टायफस हा ताप देणारी चिगर ही बारीक कीड तिथे असते.

दक्षिण गडचिरोलीत दिवसाच प्रवास करा, पोहोचलेल्या गावच्या पोलीस ठाण्यात नोंद द्या. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस चालतात, त्या रस्त्यालगत झोप लागत नाही आणि कडेला उभं राहणंही धोक्याचं.

कागद आणि बिघाड

सीट काढून पलंग कायमचा बसवला आणि आसनसंख्या बदलली तर आरसी बुकात नोंद लागते. सुटा, काढता येणारा पलंग ठेवला तर नाक्यावर वाद कमी होतो. पाच किलोचा सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, खाली हवा जायला भोक असलेल्या कप्प्यात ठेवा. गॅस जड असतो, गळला तर तळाला साचतो. रात्री रेग्युलेटर बंद.

ईकोचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. मोठ्या ट्रॅव्हलरचे नागपूर, अमरावती, अकोल्याशिवाय भरवशाने मिळत नाहीत, म्हणून फॅन बेल्ट, रेडिएटरचा होज, दोन क्लिप, फ्यूज, डिझेल फिल्टर आणि पाच लिटर कूलंट सोबत ठेवा. सीएनजीवर भिस्त ठेवू नका, आडरस्त्याला पंप नाहीत. टाकी अर्ध्यावर आली की भरा. राष्ट्रीय महामार्गावर बंद पडली तर १०३३, पोलिसांसाठी ११२, जंगली जनावर आडवं आलं तर वनखात्याचा १९२६. त्रिकोण गाडीमागे पन्नास पावलांवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून रस्ता सोडून कडेला उभं राहा. गाडी दुरुस्तीला गॅरेजवर रात्रभर राहणार असेल तर गॅस काढून घ्या आणि घरगुती बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून किल्ली द्या. वेल्डिंग करायचं असेल तर मिस्त्रीला दोन्ही बॅटऱ्यांच्या तारा आधी सोडायला सांगा.